बिनशंखाच्या गोगलगायीचा रंग

फेब्रुवारीत उन्हाला धार यायला लागली, की आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेची मागची कपाटं उघडावी लागतात. वर्षभर त्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली, की मात्र बरण्या बाहेर काढायच्या, धूळ पुसायची, आतलं फॉर्मेलिन उडून गेलं असेल तर वर भरायचं आणि टेबलावर नंबर लावून मांडायच्या. याला स्पॉटिंग म्हणतात. पोरांनी एकेका बरणीसमोर उभं राहायचं, आतला प्राणी ओळखायचा, नाव लिहायचं, वर्ग लिहायचा, रंगरूप लिहायचं आणि घंटी वाजली की पुढं सरकायचं. झाकण उघडलं रे उघडलं की तो वास नाकात घुसतो आणि डोळ्यांतून पाणी यायला लागतं. नव्या पोरी बिचाऱ्या घाबरतात. "मॅडम, रडताय का?" मी म्हणते, "फॉर्मेलिन आहे गं बायांनो, कामाला लागा." त्यातलं निम्मं खरं असतं.

खालच्या खणात, अगदी कोपऱ्यात, एक बुटकी बरणी आहे. तिच्यात समुद्री गोगलगाय आहे. शंख नसलेली. बघाल तर म्हणाल, हे काय, भिजवून विसरलेला खोबऱ्याचा तुकडा! पांढरट, सुरकुतलेला, बोटाच्या पेरापेक्षा जरासा मोठा. शिंगं आत ओढलेली, पाठीवरचा तुरा चिकटून बसलेला. ही कुणी आणली, कधी आणली, आता कुणालाच सांगता यायचं नाही. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही ती याच खणात होती आणि आता माझी निवृत्ती दिसायला लागली आहे, तरी ती तिथंच आहे.

खरी गोगलगाय अशी नसते. खरी म्हणजे जिवंत. आपल्या कोकणच्या खडकांवर, ओहोटीत मागं राहिलेल्या डबक्यांत ती सापडते. करडी-निळी पाठ, तिच्यावर पिवळे ठिपके, मधूनमधून काळसर निळे ठिपके. डोक्यावर दोन लाल शिंगं आणि शेपटीकडं लाल कल्ल्यांचा तुरा, फुलासारखा उघडमीट करणारा. पहिल्यांदा बघणारा माणूस "अगं बाई!" म्हणतोच म्हणतो. अंड्यातून बाहेर येते तेव्हा हिलाही एक चिमुकला शंख असतो. पुढं ती तो टाकून देते आणि उघड्या अंगानं फिरते. शंख गेल्यावर उरतो तो रंग. त्या रंगाच्या जोरावर ती माशांना सांगते, मी कडू आहे, माझ्या वाटेला जाऊ नका. आयुष्य म्हणाल तर साधारण वर्षभराचं. आणि एवढे रंग अंगावर वागवते, पण तिला स्वतःला त्यातलं काही दिसत नाही. तिचे डोळे म्हणजे कातडीखालची दोन काळी टिंबं. तिला उजेड आणि अंधार, एवढंच कळतं.

हे वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत आले. आता त्या वाक्यापाशी आले की मी फळा पुसायला वळते.

माझा थोरला भाऊ पेंटर. मंगळवार पेठेत त्याला नावानं कुणी हाक मारली तर तो मान वळवायचा नाही, "काय पेंटर!" म्हटलं की लगेच "बोला पावणं!" सिनेमाचे बॅनर रंगवण्यात त्याचं तारुण्य गेलं. थिएटरच्या मागच्या बोळात बांबूंच्या परांचीवर कापड ताणलेलं असायचं, खाली वीतभर रुंद ब्रश, पत्र्याचे डबे, टर्पेंटाइनचा वास, आणि परांचीच्या वरच्या फळीवर लुंगी खोचून उभा दादा. कंपनीकडून फोटो यायचे ते काळे-पांढरे. त्यातल्या नटीच्या गालाला गुलाबी किती, साडीला आबोली द्यायचा की डाळिंबी, व्हिलनच्या चेहऱ्यावर हिरवी झाक कुठून मारायची, हे सगळं दादाच्या मनातलं. एकदा कुणीतरी विचारलं, "पेंटर, साडी लाल हाय हे तुमास्नी कसं कळलं?" दादा म्हणाला, "तिच्या तोंडाकडं बगा की, निळ्या साडीत असली हसंल व्हय ती?" बोळातली माणसं खो खो हसली होती.

रंगाचं वेड त्याला लागलं ते आमच्या आईच्या निळीपासून. आई कपड्यांना नीळ घालायची. बाबांची धोतरं शेवटच्या पाण्यात बुडवायची आणि पिळून अंगणातल्या तारेवर टाकायची. दादा तेव्हा शाळेत जात होता. एकदा आई शेजारणीशी बोलत उभी होती, तेवढ्यात यानं निळीची अख्खी पुडी बादलीत ओतली. का, तर पाण्यात तो रंग कसा सुटत जातो ते बघायला! धोतर बाहेर आलं ते करडं-निळं. बाबांना दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं होतं आणि दुसरं धोतर फाटलेलं. गेले बिचारे तेच नेसून. मांडवात कुणीतरी म्हणालं, "आभाळ नेसून आलाय की पाटील!" बाबांनी घरी येऊन दादाचा कान असा पिळला, की आठवडाभर तो डाव्या कुशीवर झोपला नाही. पण पुढं नीळ जास्त झाली की आई म्हणायची, "पेंटरनं हात लावला वाटतं." पेंटर हे नाव त्याला घरातूनच पडलं.

मी बी.एस्सी.ला होते तेव्हा आमच्या विभागप्रमुख सरांना भिंतीवर लावायला तक्ते हवे होते. मी म्हटलं, माझा भाऊ काढील. दादानं कापडावर, वर-खाली लाकडी दांड्या ठोकून, झुरळापासून तारामाशापर्यंत असे देखणे तक्ते काढले, की सर हरखले. शेवटी ही बरणी आली. दादानं ती उजेडाला धरून बघितली, फिरवून बघितली. मग एक तक्ता काढला: पांढरट अंग, सुरकुत्या, मिटलेली शिंगं. हुबेहूब बरणीतल्यासारखा. पुढं मी परीक्षेत त्याच तक्त्याला स्मरून 'रंग पांढरा' असं लिहिलं आणि मला त्याचे मार्क मिळाले. माझ्याआधीच्यांनी तेच लिहिलं असणार, माझ्यानंतरच्यांनीही.

मी शिकवायला लागल्यावर मुलांना घेऊन मालवणकडं सहलीला गेले आणि तिथं पहिल्यांदा जिवंत गोगलगाय बघितली. घरी येऊन उत्साहानं दादाला सांगितलं, "अरे, ती पांढरी नसतेच! फॉर्मेलिनमध्ये रंग उडतो तिचा." मला वाटलं होतं, हसेल. पण तो म्हणाला, "जल्मभर मनाचं रंग घातलं, कुणी चूक काढली न्हाय. शास्त्राचं काम हाय, मनाचं घालायचं न्हाय म्हणून एकदाच समोर बगून काढलं, आन् तेच चुकलं व्हय?"

ती गोष्ट त्याच्या मनाला लागली ती लागलीच. फ्लेक्स आलं, बॅनर गेले, थिएटरचा बोळ सुना झाला. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची फुलं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, असं करत दिवस काढले त्यानं. कुरकुर म्हणून केली नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी जेवताना मान वर करून विचारायचा, "सुमे, तो तक्ता अजून हाय का गं भिंतीवर?" मी म्हणायची, "आहे." "काढून टाक की." "अरे, दुसरा कुठाय?" "मी काढतो. पर आता बगितल्याबिगर काढणार न्हाय. एकदा दाव मला त्यो जीव." मी मोबाईलवर फोटो दाखवला तर त्यानं हातच लावला नाही. फोटोनंच त्याची रोजीरोटी खाल्ली होती. "तुज्या फोनवर निळा, शेजाऱ्याच्या फोनवर काळा. फोनचा रंग काय खरा असतोय?" नेऊ नेऊ म्हणत वर्षं गेली. कधी तो कामात, कधी मी.

आणि मग कोरोनाच्या आधीचा तो फेब्रुवारी आला.

आज मागं वळून बघताना त्या महिन्याचं प्रत्येक ऊन मला वेगळं आठवतं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या होत्या. हवेत गुऱ्हाळांचा गोड, किंचित करपट वास होता. पोरांची मालवण-सहलीची बस गगनबावड्याच्या दिशेनं निघाली आणि पुढच्या सीटवर, मफलर गुंडाळून, मांडीवर रंगांची पेटी घेऊन दादा बसला होता. वैनींनी भाकरी, झुणका आणि ठेचा बांधून दिला होता. वर बजावलं होतं, "गोळ्या वेळंवर द्या हं त्यास्नी, शुगर हाय." पोरं त्याला "मामा, मामा" म्हणत होती आणि तोही रंगात आला होता. कुठल्या नटाचं नाक काढायला सोपं, कुणाचं अवघड, हे ऐकून बस हसत होती. मध्येच तो माझ्याकडं वळून म्हणाला, "हल्ली चांगला निळा मिळतच न्हाय बग. दुकानदार निस्ती भेसळ करतोय. डबा उघडला की गढूळ! भांडलो त्येच्याशी परवा." मी म्हटलं, "तू कुणाशी भांडत नाहीस ते सांग." बस घाटाला लागली आणि बोलणं दुसरीकडं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला आम्ही खडकांवर उतरलो. समुद्र लांब मागं सरकलेला, खडक ओले, प्रत्येक खड्ड्यात थोडं थोडं पाणी. मी पोरांना सांगितलं होतं, कशाला हात लावायचा नाही, दगड उलटला तर परत तसाच ठेवायचा. पण माझं लक्ष पोरांत नव्हतं. आज नाही सापडली तर? भरती कुणासाठी थांबत नाही. दादाचे गुडघे दुखत होते, शेवाळावर पाय सरकत होते, एका पोराच्या खांद्यावर हात ठेवून तो येत होता आणि दर खड्ड्यापाशी विचारत होता, "हाय का? हाय का?" मी नाही म्हटलं की "असंल की पुढं" असं मलाच समजावत होता.

पाणी परतायला लागलं तेव्हा पलीकडून एक पोरगी ओरडली, "मॅडम, इकडं!"

होती. एका ओल्या कपारीच्या तळाशी, हातभर पाण्यात, सावकाश चाललेली. मी अक्षरशः दादाचं मनगट धरून ओढत नेलं. तो माणूस, पासष्टीचा, त्या खरखरीत खडकावर सरळ पालथा झोपला आणि त्यानं तोंड पाण्याजवळ नेलं. किती वेळ बघत होता देव जाणे. तुरा उघडत होता, मिटत होता. शिंगं हलत होती. मग मान न वळवता त्यानं विचारलं, "सुमे, तुला कंचा रंग दिसतोय?"

मी वर्गात सांगते तसं सांगितलं, "करडा-निळा. वर पिवळे ठिपके, काळसर निळे ठिपके. शिंगं लाल, तुरा लाल."

"शिंगं लालच हायती," तो म्हणाला.

बाकीच्या रंगांबद्दल तो काही बोलला नाही. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. त्याला गहिवरून आलंय, असं वाटलं, आणि ते खरंही होतं.

उठून बसल्यावर त्यानं शर्टाला लागलेली वाळू झटकली आणि विचारलं, "एवढ्याशा जिवाला एवढं रंगकाम. कुणासाठी गं?" मी सांगितलं, माशांनी खाऊ नये म्हणून. "आन् त्येला सवताला दिसतंय का?" "नाही रे. उजेड-अंधार एवढंच कळतं." "आयला," दादा म्हणाला, "रंगवणाऱ्यानं चेष्टाच केली की बिचाऱ्याची."

पाणी वर आलं आणि कपार बुडाली. परतताना बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. पेटी उघडलीसुद्धा नव्हती. म्हणाला, "हितं न्हाय. डोक्यात बसलाय त्यो. घरी निवांत काढतो."

निवांत म्हणजे किती निवांत, हे मार्चात कळलं. सगळं गाव घरात बसलं. मी राजारामपुरीतल्या फ्लॅटमध्ये, दादा पेठेत. मधले चौक पोलिसांनी दोऱ्या बांधून अडवलेले. फोनवर तो खूष वाटायचा. "लई वर्सांनी मनासारखं काम चाललंय बग. आता कुणी घाई कराय न्हाय, बिल द्याय न्हाय, न् पैसं बुडवाय न्हाय." वैनी मागून ओरडायच्या, "जेवाय सुदिक उठत न्हाईत!" मी म्हणायची, असू दे वैनी, काढू दे त्याला.

रस्ते उघडले तसं मी पहिली रिक्षा केली ती पेठेत. दादानं तक्ता भिंतीला लावून, वर जुनी चादर टाकून ठेवला होता. मला समोर उभं केलं. आणि लहानपणी अंगणात चादरीचा पडदा करून नाटक करायचा, तसाच झटक्यात ती चादर ओढली.

चित्र सांगू का कसं होतं? खडकाची ओल होती. पाण्याचा थर होता. तुऱ्याची एकेक पाकळी अशी, की आत्ता मिटेल. पिवळे ठिपके जिथल्या तिथं. शिंगं लाल, तशीच जरा पुढं झुकलेली. माझ्या आयुष्यात मी कुठल्या पुस्तकात त्या प्राण्याचं इतकं जिवंत चित्र पाहिलेलं नाही.

आणि पाठ शेवाळी होती. गढूळ, पिवळट हिरवी. निळ्याचा त्यात टिपूस नव्हता.

"जमलं का?" दादा विचारत होता. चेहरा असा उजळलेला, की मला त्याच्याकडं बघवेना. मी म्हटलं, "जमलं रे, जमलं. काय काढलंयस!" आणि ते म्हणतानाच माझ्या डोक्यात उसाच्या ट्रॉल्या, घाट, गढूळ निळा आणि "शिंगं लालच हायती" हे सगळं एकदम येऊन उभं राहिलं. दुकानदार भेसळ करत नव्हता. डब्यातला निळा चांगलाच होता. दादाला त्या दिवशी खडकावर पालथं पडून जो जीव दिसला, तो शेवाळी दिसला होता. म्हणून घरी आल्यावर त्यानं सवयीच्या हातानं शेवाळीचा डबा उघडला. समोर बघून काढलं होतं त्यानं. अगदी प्रामाणिकपणे काढलं होतं. त्याचे डोळे किती गेलेत, ते त्यानं स्वतःच्या हातानं कापडावर रंगवून माझ्यासमोर ठेवलं होतं, आणि घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यालाही नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी थेंब घालून, दिवा मारून बघितलं. साखरेनं पडदा खराब झालाय, आत रक्त उतरलंय, म्हणाले. बऱ्याच दिवसांचं असणार. "दिसत नव्हतं तर बोलला नाहीत?" दादा म्हणाला, "दिसत हुतं की सायेब. रंगच बोगस येत्यात म्हटलं." डॉक्टर हसले नाहीत. लेसर झालं, डोळ्यांत इंजेक्शनं झाली. एका डोळ्यानं आधी साथ सोडली, मग दुसऱ्यानं. पुढच्या दोन वर्षांत एकेक रंग घर सोडून गेला. लाल सगळ्यात शेवटी गेला. वैनींच्या कपाळाचं कुंकू दिसेना झालं, त्या दिवशी दादा लहान पोरासारखा रडला.

आता तो दारातल्या कट्ट्यावर बसतो. "काय पेंटर!" म्हटलं की आवाजावरून माणूस ओळखतो आणि "बोला पावणं!" म्हणतो. ऊन कुठवर आलंय ते बरोबर सांगतो, दिवा लावला की मान वळवतो. उजेड आणि अंधार. त्याच्याशेजारी बसले की मला माझंच वर्गातलं वाक्य ऐकू येतं आणि मी मुद्दाम मोठमोठ्यानं बोलायला लागते.

पांढरा तक्ता मी काढला आणि शेवाळी लावला. काही झालं तरी तो लावायचाच होता. वर्गात पोरांना तोंडी सांगते, की समुद्रात ही करडी-निळी असते. बाहेरून आलेले एक परीक्षक म्हणाले, "मॅडम, हा रंग साफ चुकलाय, बदलून टाका." मी म्हटलं, "बघते सर." बघायचं काय त्यात! हे चित्र चुकलंय हे मला काय कळत नाही? पण असली गोगलगाय जगाच्या पाठीवर कुठल्याच समुद्रात नाही. ती एकट्या दादानं पाहिलीय, एकदाच, आणि ती पाहिली तेव्हा त्याला वाटलं होतं, की आपली जन्माची चूक आता दुरुस्त झाली. ती भिंतीवरनं काढायला मला हात उचलत नाही. दर फेब्रुवारीत परीक्षा झाली की तो विचारतो, "पोरं रंग कंचा लिवत्यात गं?" मी म्हणते, "तुझ्या चित्रातला." त्यावर तो मान डोलावतो आणि चहा मागतो. घरात आम्ही दोघींनी, मी आणि वैनींनी, एवढंच एक ठरवून टाकलं होतं.

यंदाच्या परीक्षेत मगदूम नावाची एक मुलगी होती. इचलकरंजीहून एसटीनं येते. जैनाघरची, बरणीला हात लावायच्या आधी "हा जीव कुणी मारला असंल हो मॅडम?" असं विचारणारी. बुटक्या बरणीसमोर ती उभी राहिली. एकदा बरणीकडं बघितलं, एकदा वर तक्त्याकडं, मग माझ्याकडं आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, रंग कुठला लिहू? बरणीत पांढरा हाय, चित्रात शेवाळी हाय, पुस्तकात निळा. तिन्ही कसं खरं?" परीक्षेत बोलायचं नसतं. मी तिला रागावायला हवं होतं. तेवढ्यात घंटी वाजली.

त्या संध्याकाळी पेठेत गेले. दादानं नेहमीचं विचारलं. मी दमले होते. नाकात फॉर्मेलिन होतं, डोक्यात ती पोरगी. मी बोलून गेले, "अरे, एक पोरगी विचारत होती, बरणीतला लिहू, चित्रातला लिहू, की पुस्तकातला."

वैनी दारात आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या.

"चित्रातला आन् पुस्तकातला येगळा हाय व्हय?" दादानं विचारलं.

रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. दादानं मान तिच्या आवाजामागं वळवली आणि परत आणली.

"तवा तू निळा म्हणालतीस," तो म्हणाला. "मला वाटलं, हिला चष्मा बदलाय पायजे." आणि हसला. "निळा लिवाय सांग पोरांस्नी. उगच मार्क जात्यात त्येंचं. माझ्यापायी कशाला?"

"दादा..."

"आगं, ऱ्हाऊ दे. दोनदा चुकलं माणूस, त्येला काय हुतंय. पर मला एक सांग." तो माझ्या बाजूला वळला. "कसला निळा हुता गं त्यो? आभाळागत?"

"नाही रे. तेवढा स्वच्छ नाही. करडा."

"मग मोरपंखी?"

"छे."

"राखंत निळा कालवल्यागत?"

"तसा... पण ओला. आतनं उजेड असलेला." मला सांगता येईना. आयुष्यभर मी रंगांची नावं फळ्यावर लिहीत आले, आणि जो माणूस रंगांवर जगला, त्याला एक निळा मला सांगता येईना. मी इकडं तिकडं बघायला लागले. समोरच्या घराच्या तारेवर कुणाचे तरी कपडे वाळत होते. आणि मला एकदम सापडलं.

"दादा, तू आईच्या बादलीत निळीची पुडी ओतली होतीस बघ. बाबांचं धोतर. तारेवर टाकल्यावर, ओलं होतं तेव्हा, मागून ऊन आलं की कसं दिसत होतं? तसला."

दादाचा हात आपसूक कानाकडं गेला. बाबांनी पिळलेल्या त्याच कानाकडं. ओठ हलले, जरा हसूही आलं. ते धोतर त्याला दिसत होतं. अंगणातली ती तार त्याला दिसत होती, आई दिसत होती. माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं त्याला ते सगळं, मला कळत होतं.

"तसला हुता?"

"तस्साच."

त्यानं हात कानावरून खाली घेतला आणि गुडघ्यावर ठेवला.

"मग मला दिसाय पायजे हुता की गं."